सासऱ्यांच्या कबरीकडे, साध्या बसनं

२६ एप्रिल १९९९, सोमवार. साउदॅम्प्टन.

बोटीवर चढलो. केबिन झकास. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे, त्यामुळे समुद्र दिसत नाही. एनिड म्हणाली, समुद्र बघायला आलो होतो ना आपण? मी म्हटलं, उद्या बुडायची वेळ आली तर सगळ्यात आधी आपण सुटणार. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

या वहीत रोज लिहायचं ठरवलंय. बाकीचे संकल्प: जेवणानंतर गोड नाही (डॉक्टर हल्ली माझ्या तोंडाआधी पोटाकडे बघतो). आणि बोटीच्या टूरबसमध्ये पाय ठेवायचा नाही. पुढे एक बाई छत्री उंच धरून चाललीय आणि मागे आपण मेंढरं. छ्या! एकतीस वर्षं मी आमच्या गावच्या म्युनिसिपल बसची वेळापत्रकं केली. अर्धं गाव माझ्या आकड्यांवर कामाला गेलं आणि घरी आलं. माणसाला जायचं असतं, बस येते, माणूस बसतो. यात छत्री कुठून आली?

खरं काम शनिवारी, १ मेला. त्या दिवशी बोट ल हाव्रला लागते. तिथून एनिडच्या वडिलांच्या कबरीला जायचंय. हॅरल्ड सग्डन. चव्वेचाळीस साली युद्धात नॉर्मंडीत पडले तेव्हा एनिड सहा महिन्यांची होती. त्यांनी तिला एकदाच मांडीवर घेतलं होतं म्हणे. सासूबाईंनी पुढे दुसरं लग्न केलं आणि त्या घरात हॅरल्डचं नाव काढायचं नाही, असा कायदाच झाला. एनिडनंही कधी काढलं नाही. गेल्या हिवाळ्यात सासूबाई वारल्या. पंधरा दिवसांनी एनिडनं बोटीचं माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, विल्फ, मला इथे जायचंय. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. वॉशिंग मशीन सोडलं तर.

मी म्हटलं, माझ्यावर सोड.

२७ एप्रिल, मंगळवार. गर्न्सी.

कालचं जेवण दुसऱ्या पंगतीत. टेबल सहा जणांचं. आमच्याशिवाय वेल्सचे ग्विलिम आणि नेस्टा प्रॉसर, आणि लीड्सचं एक जोडपं. ग्विलिमचं कार्मार्थनला मटणाचं दुकान होतं. माणूस बोलघेवडा, हात वरवंट्याएवढे. प्लेटमधलं मटण उलटंपालटं करून म्हणाला, या मेंढीची मी आजी ओळखत असणार. नेस्टा हसली. एनिडही हसली. मला त्यात एवढं हसण्यासारखं काही दिसलं नाही.

सूप आल्याबरोबर मी नकाशा उघडला आणि शनिवारचा प्लॅन समजावून सांगितला. चीज येईपर्यंत सांगत होतो. लीड्सवाला म्हणाला, पण बोटीची बस त्याच कबरस्तानात जाते ना? मग मला मुळापासून सांगावं लागलं.

आज सकाळी हेडवेटर येऊन सांगून गेला की लीड्सच्या जोडप्यानं टेबल बदलून घेतलंय. एसीचा झोत अंगावर येतो म्हणून. मला तर कसला झोत जाणवला नाही. असो, सुंठीवाचून खोकला गेला. नकाशाला जागा झाली.

गर्न्सीत बेटाभोवती फिरणारी बस आहे. प्लॅन असा की पाव फेरीवर त्या प्रसिद्ध खाडीपाशी उतरायचं, चहा घ्यायचा, उरलेली फेरी पुरी करायची. बस उलट्या बाजूनं निघाली. त्यामुळे पाव फेरीवर आली ती दगडाची खाण. उतरलो. खाणही बघण्यासारखी होती. एनिडनं एका दगडावर बसून सँडविच खाल्लं. पुढची बस यायला वेळ होता, तेवढ्यात मी तिला खाण समजावून सांगितली.

रात्री कळलं की टूरबसवाले त्याच खाडीवर गेले होते. नेस्टा खेकड्याच्या सँडविचबद्दल फार वेळ बोलली. ग्विलिम म्हणाला, काय हो टाइमटेबल, तुम्ही कुठे होता? आता तो मला टाइमटेबल म्हणतो. आदरानं म्हणतो.

जेवणानंतर ट्रायफल खाल्लं, केक, कस्टर्ड, वर साय. रोडेल म्हणून फिलिपिनो वेटर आहे, त्यानं इतक्या प्रेमानं पुढे ठेवलं की नाही म्हटलं असतं तर पोराला वाईट वाटलं असतं.

२८ एप्रिल, बुधवार. दिवसभर समुद्र.

वारा. निम्मी बोट आडवी झालीय. मला काही होत नाही. (दुपारी झालं. पण ते किपर माशामुळे.)

शनिवारच्या प्लॅनवर शेवटचा हात फिरवला. जानेवारीत मी फ्रान्सच्या बसवाल्यांना पत्र टाकलं होतं. त्यांनी अख्खं वेळापत्रक पाठवलं. काय छपाई, काय कागद! ल हाव्रहून सकाळी बस. मोठ्या पुलावरून ओंफ्लर, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं काबूर, पुढे रानव्हीलच्या फाट्यावर उतरायचं. तिथून कबरस्तान चालत. तासभर शांतपणे थांबायचं. दुपारच्या बसनं परत. चहाला बोटीवर. शेंबड्या पोरालाही जमेल.

एनिडनं विचारलं, आणि बस आलीच नाही तर?

मी हसलो. बस न येणं ही गोष्ट वेळापत्रकात नसते.

मग ती हळूच म्हणाली की टूरच्या काउंटरवर ती जाऊन आलीय. शनिवारच्या बसमध्ये जागा आहेत. मला लागलं ते. माझ्या पाठीमागे काउंटरवर? मी म्हटलं, तुला तुझ्या बापाच्या कबरीपाशी पहिल्यांदा उभं राहायचंय ते चाळीस परक्या माणसांसमोर? कुणी फोटो काढतंय, कुणी संडास कुठे विचारतंय? ती म्हणाली, तेही खरंच, तिथे कुणी नसलेलं बरं. जिंकलो.

जाता जाता म्हणाली, फक्त पोचायला हवं, विल्फ.

आता ही काय बोलायची गोष्ट झाली?

जेवताना नेस्टानं उगाच काडी टाकली. म्हणे, एक मेला फ्रान्समध्ये काहीतरी सुट्टीबिट्टी असते ना? मी शांतपणे समजावलं. मे डेची सुट्टी मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी. यंदा तीन तारखेला. अठ्ठ्याहत्तर सालापासून चालत आलीय, आणि त्या सोमवारची वेळापत्रकं मी स्वतः केलीत. शनिवारी सुट्टी देऊन कुठलं सरकार वाया घालवेल? नेस्टा म्हणाली, मला आपलं वाटलं. आणि पुडिंग खायला लागली. बाईला वाद घालायची सवय नाही, हे चांगलंय.

मीही पुडिंग घेतलं. मुद्दा पटवून दिला की भूक लागते.

२९ एप्रिल, गुरुवार. सां मालो.

म्युझियमपाशी पोचलो तर दारावर पाटी, जेवणाची सुट्टी. फ्रेंच माणूस जेवायला बसला की देश बंद. थांबलो. दार उघडलं तेव्हा आमची परतायची वेळ झाली होती. तरी दारातून आत डोकावलो. एक तोफ होती.

एनिड माझ्याबरोबर थांबली नाही. पाय मोकळे करते म्हणून गेली ती नेस्टाबरोबर गावाच्या तटावरून पूर्ण चक्कर मारून आली. गाल लाल झाले होते. म्हणाली, विल्फ, वरून केवढा समुद्र दिसतो! मी म्हटलं, म्युझियमच्या दारातूनही वास येत होता.

काही बिघडलं नाही. ही सगळी शनिवारची तालीम. फ्रेंचांचं जेवण लांबतं, ही नोंद करून ठेवली. शनिवारी जेवणाआधीच काम आटपलेलं असेल.

३० एप्रिल, शुक्रवार. समुद्र. रात्री सुटाबुटातलं जेवण.

शर्टचं वरचं बटण लागेना. बोटीच्या लॉन्ड्रीनं शर्ट आखडवला. मी तो लॉन्ड्रीत टाकला नव्हता, पण दमट हवेनंही होतं तसं.

शेवटी दिवे मालवून सगळे वेटर पेटलेलं आइस्क्रीम डोक्यावर घेऊन रांगेनं आले. लोक नॅपकिन फिरवून ओरडत होते. ग्विलिम खुर्चीवर उभा राहायचा बाकी होता. एनिडनंही नॅपकिन फिरवला. तिला असं काही करताना मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही.

केबिनमध्ये आल्यावर तिनं उद्यासाठी निळा ड्रेस इस्त्री करून टांगला. मी प्लॅन मोठ्यानं वाचून दाखवला. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, विल्फ, कबरीपाशी गेल्यावर काय बोलतात रे? मला तर त्यांना बाबा म्हणायचं की काय म्हणायचं, तेही माहीत नाही.

मी म्हटलं, सव्वानऊची बस आहे, नऊला स्टँडवर पाहिजे.

तिनं दिवा घालवला.

१ मे, शनिवार. ल हाव्र. बसस्टँड.

आम्ही लवकर आलो. स्टँड अगदी स्वच्छ. माणूस नाही. आमच्याकडे शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. फ्रेंच उशिरा उठतात.

येताना धक्क्यावर ग्विलिम भेटला. टूरबसच्या दारात उभा होता. म्हणाला, टाइमटेबल, मी आज चार तिकिटं काढलीत. दोन आम्हाला, दोन तुम्हाला. काही बोलू नका, चढा. आता अशा वेळी माणूस काय म्हणतो? मी म्हटलं, छे छे, तुम्हाला कशाला तसदी. सभ्य माणूस पहिल्या बोलावण्याला हो म्हणत नाही. आणि सभ्य माणूस दुसऱ्यांदा विचारतो. ग्विलिम म्हणाला, बरं, जशी तुमची मर्जी, आणि चढला. वेल्सकडे ही रीत नसावी. एनिड माझ्या शेजारीच होती. चारचौघांत ती माझा शब्द खाली पडू देत नाही. बसकडे मात्र ती वळणापर्यंत मागे वळून बघत होती.

सव्वानऊ झाले. बस नाही. वाटेत गर्दी असेल.

रस्त्यावर एकही गाडी नाही, तेव्हा गर्दी म्हणता येणार नाही. ड्रायव्हरची पाळी बदलत असेल.

दुकानांची शटरं खाली. कोपऱ्याकोपऱ्यावर मात्र लोक फुलं विकतायत. लहान, पांढरी, घंटांसारखी. कुणी बादलीत ठेवलीत, कुणी घडीच्या टेबलावर. एवढे फुलवाले कशाला लागतात या गावाला?

एनिड म्हणाली, त्या फुलवाल्या आजींना विचारून येते. मी म्हटलं, थांब, वेळापत्रकावर विश्वास ठेव. ती गेली. तिचं फ्रेंच शाळेतलं आहे. हातवारे चाललेत.

आली. म्हणाली, आज बस नाही. एकही नाही. आज एक मे, सगळं बंद. वर्षातून हा एकच दिवस एक चाकही हलत नाही म्हणे, आणि याच दिवशी कुणीही रस्त्यावर बसून ही फुलं विकू शकतं.

मी म्हटलं, मे डे सोमवारी असतो.

ती म्हणाली, आपल्याकडे, विल्फ. आपल्याकडे.

आणखी थोडं थांबून बघतो. कधीकधी जादा गाडी सोडतात.

१ मे. दुपार. बोटीवर.

जादा गाडी आली नाही.

शांतपणे सगळं लिहून काढतो. लिहिलं की डोकं चालतं.

वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ते छापलेलं होतं म्हणे. आजींनी एनिडला बोट ठेवून दाखवलं. बारीक अक्षरं आम्हीही छापायचो. कुणी वाचत नसे. मी स्टँडभर टॅक्सी शोधली. एक दिसली, तिच्यात ड्रायव्हर नव्हता. मग मी पर्याय मांडला. म्हटलं, हे बघ, आगगाडी रूआँवरून फिरून जाते, ती आपल्याला परवडायची नाही, बोट निघून जाईल. त्यापेक्षा इथलं चर्च बघण्यासारखं आहे, पूर्ण काँक्रीटचं. एनिड फुलवाल्यांकडे बघत राहिली. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, तुझे बाबा काय कुठे पळून जातायत? पंचावन्न वर्षं तिथेच आहेत. पुढच्या वर्षी येऊ.

धीर द्यायला म्हटलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं, मी आमच्या पोराची, कॉलिनची, घरीच चकोट हजामत केली त्या दिवशीसुद्धा नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं पण ते खाली पडत नव्हतं.

ती वळली आणि पुन्हा त्या आजींकडे गेली. या वेळी हातवारे जास्त. आजींनी बोळातल्या कुणाला तरी हाक मारली. एक मिशीवाला माणूस आला, म्हणे आजींचा पुतण्या, व्हॅन घेऊन काबूरला बहिणीकडे जेवायला निघाला होता. व्हॅन फुलांच्या खोक्यांनी भरलेली. पुढे त्याची बायको, आणि बायकोनं सरकून घेतलं तर आणखी एकच माणूस.

मी म्हटलं, एनिड, जरा विचार करू या. हा कोण, कुठला, गाडीला इन्शुरन्स आहे का, परत कशी येणार?

ती म्हणाली, परत ग्विलिमच्या बसमधून येईन, ते आधी किनारा बघून दुपारी तिथे असतील. विचार तू कर. मी जाते.

आजींनी तिच्या हातात फुलांची जुडी कोंबली. एनिड चढली. मिशीवाल्यानं मला हात केला. मीही हात केला. दुसरं काय करणार?

बोटीवर परतलो. वाटेत ते चर्च लागलं. बंद होतं.

बुफेत एकटाच जेवलो. रोडेलनं विचारलं, मॅडम कुठे? मी म्हटलं, मॅडम प्लॅनप्रमाणे गेल्यात. त्याला काही कळलं नाही. ॲपल टार्ट आणि कस्टर्ड. मग पुन्हा ॲपल टार्ट. चव लागली नाही.

१ मे. अजून दुपारच.

काही सुचत नाही. मिशीवाल्याचा चेहरा आठवतोय. तसा बरा वाटत होता. गाडीचा नंबर घ्यायला हवा होता. एकतीस वर्षं बसच्या नंबरांत काढली आणि हा एक घेतला नाही.

रानव्हीलला ती बस कुठे उभी राहते, कबरस्तानात किती वाटा आहेत, ती ग्विलिमला दिसली नाही तर? बोट सहाला सुटते. टूरबससाठी थांबतात. एकट्या माणसासाठी थांबत नाहीत.

बोटीच्या ऑफिसात जाऊन सांगावं का? काय सांगू? की माझी बायको फुलांच्या व्हॅनमधून गेली, आणि मी इथे आहे? दोनदा त्या ऑफिसपर्यंत गेलो. दोन्ही वेळा रांग होती. रांगेत घुसणं मला जमत नाही.

एनिड, ये बाई.

१ मे. रात्र.

आली. टूरबसमधून. नेस्टाच्या खांद्यावर डोकं होतं, डोळे सुजलेले. मी धक्क्यावरच उभा होतो. म्हटलं, पोचलीस? ती म्हणाली, पोचले. आणि मला ओलांडून वर गेली. ग्विलिमनं माझ्या दंडावर हात ठेवला. काही बोलला नाही. या माणसाला गप्प राहता येतं हे मला माहीत नव्हतं.

जेवायला एनिड आपली खुर्ची सोडून नेस्टाशेजारी बसली. आणि बोलायला लागली. आमच्या घरात वर्षभरात बोलत नाही तेवढी एका सूपमध्ये बोलली. सगळं नेस्टाला सांगत होती, मी समोर बसून ऐकत होतो.

मिशीवाल्यानं तिला फाटकापर्यंत सोडलं. बायकोनं उतरून मिठी मारली. आत कुणी नव्हतं. तशी शांतताच तिला हवी होती. (हे मी आधीच सांगितलं होतं.) ओळीमागून ओळी हिंडली, सापडेना. इतक्यात टूरबस आली, आणि ग्विलिम कोट काढून दगडामागून दगड वाचत सुटला. त्यानंच हाक मारली. एनिड, इकडे ये ग, सापडले तुझे बाबा.

दगडावर नाव, पलटणीचं चिन्ह, वय चोवीस. आमचा कॉलिन आता तेहेतीसचा आहे. एनिड म्हणाली, नेस्टा, पोरगा होता ग तो. मला बाबा म्हणवेना, माझ्या पोरापेक्षा लहान पोरगा.

आणि त्याखाली एक ओळ. त्या काळी घरच्यांना स्वतःचे चार शब्द कोरून घेता यायचे. ते एनिडला माहीत नव्हतं. सासूबाईंनी तिला कधी सांगितलं नाही. आयुष्यभर ज्यांचं नाव घरात घेऊ दिलं नाही, त्यांच्या दगडावर त्यांनी कोरून घेतलं होतं: एनिडचे बाबा.

बस, एवढंच.

नेस्टा रडायला लागली. ग्विलिमनं नाक शिंकरलं. रोडेल पुडिंग घेऊन आला होता, तो तसाच मागे वळला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, अक्षरं नीट वाचता येतात का अजून?

एनिडनं नॅपकिनची घडी घातली.

२ मे, रविवार. झीब्रुग.

सकाळी लवकर उठून ब्रुजचा नवा प्लॅन केला. चार पानी. ट्राम, मग आगगाडी. बेल्जियमच्या सुट्ट्या काउंटरवर विचारून घेतल्या. आज रविवार आहे एवढंच. या वेळी चुकायला जागाच नाही.

एनिड कोट घालत होती. म्हणाली, मी ग्विलिम आणि नेस्टाबरोबर बसनं जातेय. काल रात्रीच तिकीट काढलं.

मी म्हटलं, तिकिटं.

ती म्हणाली, तिकीट.

मी म्हटलं, हरकत नाही. मलाही आज डेकवर फेऱ्या मारायच्या होत्या. तिनं मान डोलावली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, समजूत काढता आली असती. स्कार्फ बांधताना ती काहीतरी गुणगुणत होती. मला कळेना आता काय करावं. काल रात्रभर जे विचारायचं होतं ते दारात विचारलं. म्हटलं, एनिड, काय बोललीस ग त्यांच्याशी?

ती आरशासमोरून वळली. चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाली, खूप बोलले. आधी सुचेना, मग थांबेना. आई कशी गेली ते सांगितलं. शेवटी तिनं कुणाचं नाव घेतलं ते सांगितलं. आपली पोरं, कॉलिन आणि सुझन, नातवंडं. कॉलिनची हनुवटी आईच्या सामानात सापडलेल्या फोटोतल्या त्यांच्यासारखी आहे म्हटलं. नर्सिंगची परीक्षा मी कशी पास झाले ते. आपल्या मागच्या अंगणातल्या वाटाण्यांचंसुद्धा सांगितलं.

मी म्हटलं, आणि माझं?

एनिड थांबली. पर्स उघडली, बंद केली. म्हणाली, वेळ नाही रे झाला, विल्फ. बस निघाली.

आणि गेली. खिडकीत लाइफबोट आहे, त्यामुळे खालचा धक्का दिसत नाही. डेकवर गेलो तोवर त्यांची गाडी सुटली होती.

तिचंही खरंच आहे म्हणा. टूरबसवाल्यांना घाई फार. माणसाला मनासारखं बोलू देत नाहीत.

पण हा विल्फ, माझा नवरा, एवढं म्हणायला किती वेळ लागतो?